एकच नियम चार फाइलींत: डुप्लिकेट कोड कसा शोधायचा आणि कसा कमी करायचा

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सवलतीचा नियम बदलला की माझा पहिला प्रश्न असतो, हा नियम किती ठिकाणी लिहिलाय? स्क्रीनवर रक्कम दाखवणारं एक फंक्शन असतं, पावतीची पीडीएफ बनवणारं दुसरं, रात्री चालणारा जॉब तिसरा आणि परतावा काढणारं मॉड्यूल चौथं. हिशेब एकच, पण चार जणांनी चार वेगवेगळ्या काळात लिहिलेला. तीन ठिकाणी दुरुस्ती होऊन चौथं राहिलं, तर ग्राहकाला स्क्रीनवर एक आकडा दिसतो आणि पावतीवर दुसरा. अशा जुन्या, रकमांचे हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरची देखभाल हेच माझं रोजचं काम आहे. त्यामुळे डुप्लिकेट कोड समोर आला की मी एकच कसोटी लावते: यातला एक तुकडा बदलला तर दुसरा बदलावाच लागेल का? दोन्ही दिसायला किती सारखे आहेत, हे मी नंतर बघते.

या कसोटीचं उत्तर बहुतेक वेळा गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या, इतिहासात आयतं मिळतं. तरीही बरीच मंडळी सारखा कोड शोधणारं टूल चालवतात, टक्केवारी बघून घाबरतात आणि यादीतला सगळ्यात मोठा तुकडा आधी हातात घेतात. मी उलट दिशेने जाते, आणि खालची सगळी पद्धत त्यावरच बेतलेली आहे.

नकलेचे चार प्रकार

या विषयावर संशोधन करणारे लोक नकलांचे चार प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात कोड तंतोतंत तोच असतो, फरक फक्त मोकळ्या जागा आणि कॉमेंटचा. दुसऱ्यात रचना तीच, पण व्हेरिएबलची नावं किंवा आकडे बदललेले. तिसऱ्यात मधल्या काही ओळी वाढवलेल्या, गाळलेल्या किंवा बदललेल्या. चौथ्यात काम तेच, पण लिहिण्याची पद्धत संपूर्ण वेगळी: एकाने लूप वापरलं, दुसऱ्याने तेच काम डेटाबेसच्या क्वेरीत केलं.

हे माहीत असायला हवं, कारण पहिले दोन प्रकार टूल पटकन पकडतं, तिसरा अर्धामुर्धा पकडतं आणि चौथ्यापुढे जवळजवळ हात टेकतं. आणि माझ्या अनुभवात खरा त्रास देतात ते शेवटचे दोन.

टूल चालवण्याआधी आणि चालवताना

आधी प्रोजेक्टमधला जो कोड माणसाने लिहिलेला नाही तो वगळा. बाहेरच्या लायब्ररींचे फोल्डर, बिल्डमधून बाहेर पडलेल्या फाइली, स्कीमावरून आपोआप बनलेले क्लास, डेटाबेसची मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइली), सगळं बाजूला. मायग्रेशन एकसारखी दिसतातच. ती त्या त्या दिवसाची नोंद असते आणि नंतर तिला हात लावायचा नसतो. टेस्टचे फोल्डरही पहिल्या फेरीत बाहेर ठेवा. ही साफसफाई केली नाही तर अहवालाची पहिली कित्येक पानं निरुपयोगी निघतात आणि टीमचा त्यावरचा विश्वास उडतो.

टूल कुठलं घ्यायचं हे भाषेवर अवलंबून आहे. पीएमडी या प्रोजेक्टमधलं सीपीडी जावा आणि इतर बऱ्याच भाषांना चालतं. जेएससीपीडी शंभरहून जास्त भाषा आणि फॉरमॅट ओळखतं, त्यामुळे एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) तीन-चार भाषा असतील तर ते सोयीचं. गोसाठी डूपल, रूबीसाठी फ्ले. पायथनवाल्यांच्या पायलिंटमध्ये डुप्लिकेट कोडची तपासणी आधीपासूनच असते, पण मूळ सेटिंगमध्ये ती चार सारख्या ओळींवरच बोट ठेवते. एवढी कडक तपासणी सुरुवातीला नको; आकडा वाढवा आणि इंपोर्टच्या ओळी वगळायचा पर्याय चालू आहे ना ते बघा.

ही टूल मुख्यतः टोकन मोजतात. टोकन म्हणजे कोडचा सगळ्यात छोटा अर्थपूर्ण तुकडा: एक नाव, एक कंस, एक चिन्ह. जेएससीपीडी मूळ सेटिंगमध्ये किमान ५० टोकन आणि ५ ओळी जुळल्या की नक्कल मानतं. कोडचा दर्जा तपासणारं सोनारक्यूब जावासाठी सलग १० स्टेटमेंट (पूर्ण सूचना) बघतं, तर इतर बहुतेक भाषांसाठी किमान १० ओळींवर पसरलेले १०० टोकन. जुन्या प्रोजेक्टवर मी पहिल्यांदा १५० टोकनांनी सुरुवात करते. यादी छोटी आणि ठळक येते, ती माणसांना वाचता येते. ती हातावेगळी झाली की १०० वर या, मग ७० वर. सीपीडीत जावासारख्या काही भाषांसाठी नावं आणि आकडे दुर्लक्षित करण्याचे पर्याय आहेत. ते चालू केले की दुसऱ्या प्रकारच्या नकला वर येतात, पण त्यासोबत गोंगाटही वाढतो. म्हणून ती फेरी वेगळी चालवा.

टूलला न दिसणारं हाताने शोधायचं

या भागाला वेळ द्या. माझ्या कामात सगळ्यात महाग पडलेल्या नकला इथेच सापडल्या आहेत.

पहिली युक्ती आकड्यांची. प्रोजेक्टच्या विषयाशी जोडलेले ठरावीक आकडे सगळ्या फाइलींत शोधा, आणि एकाच आकड्याची वेगवेगळी रूपं शोधा. अर्ध्या तासाचं सेशन एका फाइलीत १८०० असतं, दुसरीत ३० गुणिले ६०, तिसरीत मिलिसेकंदांत १८०००००, आणि चौथीत सेटिंगच्या फाइलीतली नुसती ३०. चारही जागी एकच निर्णय लिहिलेला आहे, पण टूलला नक्कल वाटावी एवढे टोकन जुळत नाहीत. दिवसाचे ८६४०० सेकंद शोधले तरी प्रोजेक्टमध्ये तारखांचा हिशेब कुठे कुठे हाताने केलाय ते कळतं.

दुसरी युक्ती शब्दांची. ऑर्डरच्या स्थितीची नावं, चुकीचे संदेश, डेटाबेसच्या कॉलमची नावं शोधा. "रद्द" या अर्थाचा इंग्रजी शब्द एका मॉड्यूलमध्ये दोन एल घालून आणि दुसऱ्यात एकच एल घालून लिहिलेला असेल, तर तुलना कधीच जुळणार नाही आणि कुठलीही एररही येणार नाही. वापरणाऱ्याला दिसणारा एखादा चुकीचा संदेश घेऊन तो कुठून येतो ते शोधलं की त्याच्याभोवती तपासणीचे नियम सापडतात: फॉर्ममध्ये एक, सर्व्हरवर दुसरा, डेटाबेसच्या बंधनात तिसरा.

तिसरी गोष्ट दोन भाषांच्या सीमेवरची. सर्व्हर पायथनमध्ये आणि स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये असेल, तर एकच नियम दोनदा लिहिला जातोच. पूर्णांकात बदलायचं साधं उदाहरण घ्या. पायथनच्या राउंड फंक्शनला २.५ दिलं तर २ मिळतात, कारण बरोबर मध्यावरची संख्या ते जवळच्या सम अंकाकडे नेतं. जावास्क्रिप्टचं मॅथ डॉट राउंड त्याच २.५ चे ३ करतं. दोन्हीकडे कोड वाचला तर "राउंड केलंय" एवढंच दिसतं. त्यात पूर्णांकन कुठल्या पायरीवर केलं याचा फरक मिसळला की गुंता आणखी वाढतो: प्रत्येकी ३३.३३५ च्या तीन वस्तू असतील, आणि मध्यावरची संख्या वर न्यायची असं ठरलं असेल, तर आधी प्रत्येक वस्तूची रक्कम दोन दशांशांवर आणून केलेली बेरीज १००.०२ होते, आधी बेरीज करून मग दोन दशांशांवर आणली तर १००.०१. असा ०.०१ चा फरक महिनाअखेरच्या ताळ्यात किती माणसांचे किती तास खातो, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून रकमा, तारखा आणि हक्क-परवानग्या या तीन विषयांवरचा कोड मी टूलने काहीही सांगितलं तरी स्वतः वाचते.

इतिहास विचारायचा

आता तुमच्याकडे संशयित जोड्यांची यादी आहे. प्रत्येक जोडीतल्या दोन फाइलींना गेल्या दोन वर्षांत ज्या कमिटनी (गिटमध्ये एकत्र नोंदवलेल्या बदलांनी) हात लावला त्यांची यादी काढा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. फंक्शनच्या पातळीवर बघायचं असेल तर गिट लॉगला कॅपिटल एलचा पर्याय आहे. त्यात फंक्शनचं नाव आणि फाइल दिली की फक्त त्या फंक्शनचा इतिहास समोर येतो.

यातून तीन चित्रं निघतात.

दोन्ही तुकडे एकाच कमिटमध्ये पुन्हा पुन्हा बदलले असतील, तर ते एकच ज्ञान आहे. कोणीतरी दर वेळी आठवणीने दोन्हीकडे जातंय, आणि ती आठवण त्या माणसासोबत निघून जाणार आहे. हे तुकडे एकत्र करायच्या यादीत सगळ्यात वर.

एकच तुकडा बदलला आणि दुसरा तसाच राहिला असेल, तर तो बदल उघडून वाचा, शक्य तितक्या लवकर. नियमातली दुरुस्ती असेल तर दुसऱ्या तुकड्यात तो बग या क्षणी जिवंत असू शकतो. तो आधी दुरुस्त करा, तेही वेगळ्या कमिटमध्ये. एकत्रीकरण थांबू शकतं. उलट, दोघे वेगवेगळ्या कारणांनी वेगवेगळ्या दिशांना जात असतील, तर ते फक्त दिसायला सारखे आहेत. त्यांना सुटं राहू द्या.

दोन्ही तुकडे वर्षानुवर्षं हललेच नसतील, तर तेही सोडा, मग अहवालात ते कितीही मोठे दिसोत. त्यावर घातलेला वेळ कोणाच्याच कामी येणार नाही.

इथे दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप सारखी करणारं टूल) चालवल्यामुळे झालेली प्रचंड कमिट. ती मोजणीतून काढा, नाहीतर सगळ्याच फाइली एकमेकींच्या सोबती वाटतात. दुसरा जास्त महत्त्वाचा. दुसरी नक्कल अनेकदा त्याच कमिटमध्ये दुरुस्त होत नाही, तक्रार आल्यावर आठवड्याने होते. म्हणून कमिटसोबत कमिटच्या संदेशातला तिकीट क्रमांकही, म्हणजे त्या कामाच्या किंवा तक्रारीच्या नोंदीचा क्रमांकही, जुळवून बघा. एकाच तिकिटाखाली दोन वेगळ्या दिवशी दोन फाइली बदलल्या असतील, तर तो सगळ्यात बोलका पुरावा.

नक्कल मुळात कुठून आली हे शोधायला गिट ब्लेमचा कॅपिटल सी पर्याय वापरा. तो तीनदा दिला तर ओळ दुसऱ्या कुठल्याही फाइलीतून उचललेली असली तरी मूळ कमिट शोधायचा प्रयत्न होतो. मोठ्या रिपॉझिटरीत वेळ लागतो, पण थांबण्याजोगं आहे. आणि गिट लॉगचा कॅपिटल एस पर्याय एखादी विशिष्ट ओळ कोणत्या कमिटमध्ये आली किंवा गेली ते सांगतो.

फरकांचा तक्ता

दोन तुकडे एकत्र करायचे ठरले की ते शेजारी ठेवून प्रत्येक फरक कागदावर लिहा. प्रत्येक फरकापुढे तीनपैकी एक शेरा हवा: मुद्दाम, चूक किंवा मृत. परताव्याच्या मॉड्यूलमध्ये रद्द झालेल्या ऑर्डर वगळणारी एक जास्तीची अट आहे; ती विषयाची गरज आहे की कोणीतरी तात्पुरती घातलेली? कमिट वाचा. तरी कळलं नाही तर त्या विषयाची माहिती असलेल्या माणसाला विचारा. अंदाजाने शेरा लिहू नका, कारण पुढची सगळी मेहनत या तक्त्यावर उभी राहते.

नाव बदलायचं राहून गेलेल्या ओळींकडे खास लक्ष द्या. २००४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी सीपी-मायनर हे टूल तयार करून लिनक्स आणि फ्रीबीएसडीच्या कोडमध्ये नेमके असे बग शोधले होते: तुकडा पेस्ट केला, नावं बदलली, एक बदलायचं राहिलं. आणि एकापाठोपाठ एक सारख्या ओळी पेस्ट केलेल्या असतील तर शेवटची ओळ दोनदा वाचा. पीव्हीएस-स्टुडिओ हे तपासणीचं टूल बनवणाऱ्यांपैकी आंद्रेई कारपोव्ह यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की अशा गटात चूक शेवटच्या ओळीत सापडण्याची शक्यता जास्त असते. मी तेव्हापासून शेवटची ओळ आधी वाचते.

एकत्र करताना

आधी टेस्ट. जुन्या कोडला टेस्ट नसतीलच असं धरून चाला. दोन्ही तुकड्यांना तोच इनपुट द्या आणि आज ते काय उत्तर देतात ते जसंच्या तसं नोंदवा, बरोबर असो की चूक. इनपुटमध्ये शून्य, ऋण रक्कम, रिकामी यादी, गहाळ मूल्य, २९ फेब्रुवारी आणि बरोबर मध्यावर येणारी संख्या असायलाच हवी. जिथे उत्तरं वेगळी येतात तिथे तक्त्यात फरक लिहिलेला आहे का ते बघा. नसेल तर तक्ता अपुरा आहे.

मग क्रम असा ठेवा: आधी दोन्ही तुकडे त्यांच्या जागीच एकसारखे करा. एका कमिटमध्ये व्हेरिएबलची नावं सारखी करा, दुसरीत ओळींचा क्रम, तिसरीत चूक ठरलेला फरक दुरुस्त करा. दोन्ही तंतोतंत सारखे झाले, म्हणजे पहिल्या प्रकारची नक्कल झाली, की मगच ती बाहेर काढून एक फंक्शन करा. वेगळे असतानाच थेट एकत्र करायला गेलं की फरक फंक्शनच्या पोटात जातात आणि रिव्ह्यू करणाऱ्याला, म्हणजे तुमचा बदल तपासणाऱ्या सहकाऱ्याला, काय बदललं ते दिसतच नाही.

मुद्दाम ठरलेल्या फरकांचं काय करायचं? फरक फक्त एखाद्या मूल्याचा असेल तर तो पॅरामीटर करा. सवलतीच्या पायऱ्यांसारखा अनेक मूल्यांचा असेल तर तक्ता करा आणि कोड एकच ठेवा. वागणुकीचा असेल तर ती वागणूक वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवून बाहेरून द्या. हो-नाही सांगणारे झेंडे मात्र टाळा. "पीडीएफसाठी आहे का", "परतावा आहे का", "जुना ग्राहक आहे का" असे तीन झेंडे लागले, तर त्या एका फंक्शनमध्ये आठ वाटा तयार होतात आणि त्यातल्या निम्म्या कधी तपासल्याच जात नाहीत. असं फंक्शन आधीपासून असेल तर ते पुन्हा फोडा: त्याचा मजकूर बोलावणाऱ्या प्रत्येक जागी परत ठेवा, तिथे न लागणाऱ्या वाटा काढून टाका आणि उरलेल्यात खरंच समान काय आहे ते नव्याने बघा. हे मागे जाणं वाटतं, पण कोड त्यानेच मोकळा होतो.

बऱ्याच वेळा हिशेब समान असतो आणि दाखवणं वेगळं. पावतीचं फंक्शन सवलत काढतं आणि त्याच दमात ती स्वल्पविरामांसकट छापतं. काढणं आणि दाखवणं आधी वेगळं करा. मग काढण्याचा भाग चारही ठिकाणी सहज एक होतो.

नवीन फंक्शनची जागा आणि नाव यांवर वेळ घालवा. "युटिल्स" नावाच्या फाइलीत टाकलेलं फंक्शन पुढच्या माणसाला सापडत नाही, आणि न सापडल्यामुळे तो ते पुन्हा लिहितो. सवलतीचा नियम सवलतीच्या मॉड्यूलमध्ये, विषयाच्या भाषेतल्या नावाने.

हिशेब फार नाजूक असेल तर काही दिवस जुना आणि नवा दोन्ही चालवा: उत्तर जुन्याचं वापरा, फरक पडला तर लॉगमध्ये लिहा. रूबीत यासाठी गिटहबने बनवलेली सायंटिस्ट ही लायब्ररी आहे. इतर भाषांत थोड्या ओळींत स्वतः लिहिता येतं. लॉग शांत राहिला की जुना तुकडा पुसून टाका. हे पुसणं त्याच तिकिटाचा भाग ठेवा. "नंतर काढू" म्हणून राहिलेला जुना तुकडा हा पाचवी नक्कल असतो.

काय तसंच ठेवायचं

टेस्टमधली पुनरुक्ती मला चालते. टेस्ट वाचताना काय दिलं आणि काय अपेक्षित आहे हे एकाच जागी दिसायला हवं. तयारीचा लांबलचक भाग मदतीच्या फंक्शनमध्ये न्या, अपेक्षित उत्तर मात्र तिथेच उघडं असू द्या. लवकरच बंद होणाऱ्या मॉड्यूलमधली नक्कलही सोडा. आणि दोन स्वतंत्र टीमच्या दोन सेवांमध्ये सारखा कोड असेल तर घाईने सामायिक लायब्ररी करू नका. लायब्ररी झाली की तिच्या आवृत्त्या आल्या, एका टीमच्या बदलासाठी दुसरीने थांबणं आलं. वीस ओळींसाठी हा व्यवहार क्वचितच परवडतो. रकमेचा नियम असेल तर तो एका सेवेकडे सोपवून दुसरीने उत्तर विचारावं.

दोनच ठिकाणी असलेल्या नकलेबद्दल मी इतिहासाचा कौल मानते. इतिहासच नसेल, म्हणजे दोन्ही तुकडे नवे असतील, तर तिसरा दिसेपर्यंत थांबते. दोन उदाहरणांवरून समान भाग कुठला ते कळत नाही.

पुन्हा वाढू नये म्हणून

जुन्या सगळ्या कोडवर एकदम मर्यादा लादली की पहिल्याच दिवशी बिल्ड लाल होतो, म्हणजे आपोआप होणारी तपासणी नापास होते, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी तपासणी बंद करतं. मर्यादा फक्त नव्या कोडवर लावा. सोनारक्यूबच्या मूळ निकषात नव्या कोडमधल्या डुप्लिकेट ओळी ३ टक्क्यांपर्यंत चालतात. सुरुवातीला तेवढं पुरे. जेएससीपीडीत कमाल टक्केवारी देता येते आणि ती ओलांडली की ते अपयश कळवतं. तिथे आजची टक्केवारी मर्यादा म्हणून लिहा आणि दर थोड्या दिवसांनी ती खाली आणा. मुद्दाम ठेवलेल्या नकलेभोवती टूलला गप्प करणाऱ्या कॉमेंट टाकता येतात. टाका, पण कारण शेजारी लिहा आणि दुसरी नक्कल कुठल्या फाइलीत आहे तेही.

रिव्ह्यूमध्ये नवं फंक्शन दिसलं की मी एकच गोष्ट विचारते: लिहिण्याआधी कुठला शब्द शोधला होता? कोड लिहून देणारे एआय सहायक वापरणाऱ्या टीममध्ये हा प्रश्न आणखी गरजेचा झालाय. सहायकाला समोरची फाइल दिसते, तारखा जुळवणारं फंक्शन तीन फोल्डर पलीकडे आहे हे त्याला सांगितल्याशिवाय कळेलच असं नाही, आणि तो नवं, नीटनेटकं, टेस्टसकट फंक्शन लिहून देतो. म्हणून प्रोजेक्टच्या सूचनांच्या फाइलीत रकमा, तारखा आणि परवानग्या यांचे नियम कोणत्या मॉड्यूलमध्ये राहतात ते नावांसकट लिहून ठेवा, आणि नवीन फंक्शन लिहिण्याआधी तिथे शोध घ्यायला सांगा. नवीन आलेल्या माणसालाही पहिल्या दिवशी तीच फाइल वाचायला द्या.